बुरशीचा लाल रंग: किट आणि पावडर, दोन्ही वापरून बघितलं

आठवडाभर फ्रीजवर ठेवलेला थर्माकोलचा खोका सासूबाईंनी उघडला आणि स्वयंपाकघरातनं हाक आली, "अगं, भाताला बुरशी आल्या की! कवाचा भात जपालीस हा?" आता त्यांना काय सांगणार, की आई, ती बुरशी साडेआठशे रुपये मोजून आणलीया.

तर मंडळी, हा रिव्ह्यू घरी तांदळावर बुरशी वाढवून खाण्याचा लाल रंग करायच्या त्या साडेआठशेच्या किटचा आणि त्याच दुकानातनं घेतलेल्या त्याच रंगाच्या तयार पावडरचा. पावडर 100 ग्रॅम 420 रुपये. दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं, केक-बेकरीचं सामान मिळतं तिथलं, नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे आणि मालक तसा चांगला माणूस आहे. लांबड लागणार, चहा घेऊन बसा.

मी राजारामपुरीत घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलेली पण ती कॉलेज संपल्यावर जी माळ्यावर गेली ती गेलीच. हे सगळं सुरू झालं रेड वेल्वेटमुळे, म्हणजे तो लाल रंगाचा केक. एक नेहमीच्या ताई आहेत, नातवाच्या बर्थडेला दरवर्षी केक माझाच, त्यांनी यंदा विचारलं की लाल रंग कुठला घालता हो? बाटली बघितली तर कार्मोइसिन. परवानगीचा रंग आहे, चोरीचा मामला नाही, पण आपल्याकडे असल्या कृत्रिम रंगांना मर्यादा आहे 100 पीपीएमची, म्हणजे एक किलो पदार्थात 100 मिलिग्रॅम, आणि रेड वेल्वेटला तो फोटोतला भडक लाल आणायचा तर एवढ्यात भागत नाही हे प्रत्येक बेकरवालीला माहीत आहे, कुणी बोलत नाही एवढंच. त्यात 2024 च्या मार्चमधे कर्नाटकानं गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, जूनमधे कबाबवर पण, आणि कर्नाटकातलं निपाणी आपल्यापासनं किती लांब आहे सांगा. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेनं एरिथ्रोसिन नावाचा कृत्रिम लाल रंग खाण्यातनं काढायला लावला, तो पण आपल्या परवानगीच्या यादीत आहे. मग मी नैसर्गिक लाल शोधायला लागले. बीट ओव्हनमधे गेलं की तपकिरी होऊन येतं, त्यातला बीटानिन उष्णतेला टिकत नाही. कार्माइन लाल आहे खरा, पण तो किड्यांपासनं काढतात आणि माझी अर्धी गिऱ्हाईकं अंड्याचा केक पण घेत नाहीत, त्यांना किडा कुठनं चालणार. दुकानदार म्हणाला, "ताई, हे बघा नवीन आलंय, तांदळापासनं केलेला लाल रंग, शंभर टक्के नॅचरल."

पाकीट उलटं करून वाचलं आणि हसायलाच आलं. मोनॅस्कस पर्प्युरियस. सेकंड इयरच्या जर्नलमधे पेन्सिलीनं काढलेली बुरशी!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिजवलेल्या तांदळावर ही बुरशी वाढवली की तांदूळ आतनं-बाहेरनं लाल होतो. चीनमधे शेकडो वर्षं करतात, सोळाव्या शतकातल्या त्यांच्या औषधाच्या ग्रंथात याची नोंद आहे. जपानमधे याला बेनी कोजी म्हणतात, इंडोनेशियाच्या बाजूला अंगकाक. 1895 मधे वेंट नावाच्या डच शास्त्रज्ञानं जावाच्या लाल तांदळातनंच ही बुरशी वेगळी काढून तिला हे नाव दिलं. लाल दारू, लाल टोफू, ते चिनी हॉटेलातलं लालसर भाजलेलं डुकराचं मटण, सगळीकडे हीच. आपल्याकडे पण काम झालंय, तिरुअनंतपुरमच्या सीएसआयआरच्या लॅबमधल्या लोकांनी फणसाच्या आठळ्यांच्या पिठावर ही बुरशी वाढवून रंग काढला, 2007 ला त्याचा पेपर आहे. आठळ्या! आपण भाजून खातो नाहीतर आमटीत टाकतो त्या.

आता किट. खोक्यात काय येतं तर अर्धा किलो जाड तांदूळ, फिल्टर लावलेल्या दोन जाड पिशव्या (कुकरमधे वितळत नाहीत, हे खरंच चांगलं), छोट्या बाटलीत कल्चर (म्हणजे जिवंत बुरशीचं विरजण), एक "न्यूट्रिएंट"ची पुडी आणि माहितीपत्रक, जे इंग्रजीतनं मराठीत मशीननं केलंय हे पहिल्या ओळीत कळतं. "आपल्या तांदळाला प्रेमाने हलवा" असं लिहिलंय. न्यूट्रिएंटच्या पुडीवर बारीक अक्षरात मोनोसोडियम ग्लुटामेट. म्हणजे अजिनोमोटो! त्याच्यावर मागनं बोलते, त्यात गंमत आहे.

कृती सोपी आहे पण हात स्वच्छ पाहिजेत. तांदूळ पाच-सहा तास भिजवायचे, पूर्ण निथळून पिशवीत भरायचे, कुकरमधे अर्धा तास मंद गॅसवर. भात व्हायला नको, दाणा सुटा राहिला पाहिजे, बोटात दाबला तर मऊ पण आत कणी लागली पाहिजे. मग गार होऊ द्यायचं, हाताला कोमट पण लागायला नको, नाहीतर कल्चर मरतं. चमचाभर व्हिनेगर, कारण या बुरशीला थोडं आंबट चालतं आणि बाकीच्या जंतूंना ते मानवत नाही. कल्चर ओतायचं, पिशवी बंद, आणि तीस डिग्रीला ठेवायचं.

इथंच पहिला घोळ. जुलैत कोल्हापुरात तीस डिग्री आणायची कुठनं? बाहेर धो धो पाऊस, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरनं चाललेली, कपडे चार दिवस वाळत नाहीत, घरात चोवीस-पंचवीसच्या वर काटा जात नाही. तीन दिवस काहीच झालं नाही, मला वाटलं कल्चर मेलेलं दिलंय. मग फ्रीजच्या वर थर्माकोलचा खोका ठेवला, आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. पाचव्या दिवशी दाण्यांवर पांढरी लव आली. सहाव्या दिवशी ती लव फिक्कट केशरी, आंबा बर्फीचा रंग असतो ना तसा. मग रोज रंग चढत गेला. दिवसातनं एकदा पिशवी हलवून दाणे सुटे करायचे, नाहीतर बुरशीच्या धाग्यांनी सगळा गठ्ठा होतो आणि मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही. दहाव्या दिवशी एक दाणा काढून नखानं मोडला, बाहेर लाल आणि आत खडूसारखा पांढरा. म्हणजे अजून व्हायचं होतं. चौदाव्या दिवशी मोडला तर आतपर्यंत मरून. वास कसा म्हणाल तर जिलबीचं पीठ रात्रभर आंबलेलं असतं तसा, गोडसर-आंबट, घाण अजिबात नाही. सासूबाईंनी पण वास घेतला आणि "हं" एवढंच म्हणाल्या, त्यांचं "हं" म्हणजे पसंती.

दुसरी पिशवी मात्र वाया गेली आणि त्यात चूक माझी. किटमधला तांदूळ ठेवला बाजूला आणि म्हटलं आपला इंद्रायणी घालून बघू. (आजऱ्याचा घनसाळ घालणार होते, पण सासूबाईंनी डबाच लपवला, जीआय, म्हणजे त्या गावच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालेला तांदूळ बुरशीच्या तोंडात घालतात का म्हणे. बरोबरच आहे.) इंद्रायणी चिकट, त्याचा लाडू झाला, मधे हवा जाईना, आणि आठव्या दिवशी पिशवीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा हिरवट-निळा डाग. पेनिसिलियमच्या जातीची दिसत होती, नुसत्या डोळ्यांनी यापुढे सांगता येत नाही. लाल भाग लाल होता, छान दिसत होता, तेवढा कोपरा कापून बाकीचं वापरावं असं क्षणभर वाटलं सुद्धा. नाही वापरलं. पिशवी गाठ मारून तशीच कचऱ्याच्या गाडीत.

का नाही वापरलं ते सांगते. 2024 च्या मार्चमधे जपानात याच लाल तांदळाच्या गोळ्या खाऊन लोकांच्या किडन्यांना त्रास झाला, कंपनीला माल परत मागवायला लागला. तपासात काय निघालं तर कारखान्यात दुसरी निळी बुरशी शिरलेली, पेनिसिलियमच, आणि तिनं प्युबेरुलिक अॅसिड नावाचं विष तयार केलेलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात असं होतं, माझ्या थर्माकोलच्या खोक्याची काय कथा.

आता अजिनोमोटोची गंमत. ही बुरशी आधी जे बनवते ते केशरी असतं, मोनॅस्कोरुब्रिन आणि रुब्रोपंक्टॅटिन अशी त्यांची नावं. त्या केशरी कणाला अमिनो गट भेटला, म्हणजे प्रोटीनमधले नाहीतर अमिनो आम्लातले नायट्रोजनवाले तुकडे, की तो त्याला धरून बसतो आणि लाल होतो. ग्लुटामेट हे अमिनो आम्लच, म्हणून ते घातलं की लाल जास्त आणि तो लाल पाण्यात पण चांगला विरघळतो. म्हणजे मंचुरियनच्या गाड्यावर लाल रंग आणि अजिनोमोटो शेजारी-शेजारी असतात, इथं अजिनोमोटोच लाल रंग घडवायला मदत करतोय. मी हे नवऱ्याला एकदम एक्साइट होऊन सांगितलं, तो म्हणाला जेवायला काय आहे.

पुढच्या ट्रायल सगळ्या तयार पावडरच्या. घरी केलेला तांदूळ मी खाण्यात वापरला नाही, कारण खाली येतंच.

रेड वेल्वेट: अर्धा किलोला दोन चमचे. भट्टीतनं बाहेर आला तेव्हा रंग टिकलेला, बीटसारखा पळाला नाही, उष्णतेला हा रंग बराच दम धरतो. पण चेरीसारखा लाल नाही येत, विटकरी येतो, कोको घातल्यावर तर कवलारू घराच्या छपरासारखा. चवीत एक हलकी कडवट झाक. मला आवडला. पण क्रीममधे घालून काचेच्या खिडकीत ठेवलेला नमुना चार दिवसांत फिक्का पडला, उजेड याला सोसत नाही. शोकेसवाल्यांनी लक्षात ठेवा.

चिकन: इथं नाद खुळा. दही, आलं-लसूण, मीठ आणि एक चमचा पावडर, रात्रभर फ्रीजमधे. मटणा-चिकनमधे प्रोटीन भरपूर, रंग त्याला असा धरतो की पाण्याखाली धुतलं तरी जात नाही. तव्यावर भाजल्यावर गाड्यावरच्या तंदुरीसारखा केशरी-लाल नाही, जरा गडद, पण एकदम खरा वाटणारा. पोरांनी विचारलं पण नाही रंगाबद्दल, म्हणजे पास.

आणि आता तांबडा रस्सा, कारण कोल्हापुरात राहून लाल रंग आणला आणि रश्शात घातला नाही असं होईल का. फेल. पूर्ण फेल. रश्शाचा लाल म्हणजे कट, वर तरंगणारा तेलाचा तवंग, आणि ब्याडगी नाहीतर संकेश्वरीचा रंग तेलात उतरतो म्हणून तो तवंग लाल दिसतो. ही पावडर तेलात काही केल्या उतरेना. वरचा तवंग मिरचीनं जेवढा केला तेवढाच, आणि खालचा रस्सा मात्र मरून, बीट उकडल्यासारखा. दीर आलेले जेवायला, वाटी बघून म्हणाले, "वहिनी, आजारी हाय काय रस्सा?" चव बिघडली नाही, पण तांबडा रस्सा आधी डोळ्यांनी प्यायचा असतो. कांदा-लसूण मसाल्याला अजून तरी कुणाचं भ्या नाही.

घरच्या लाल तांदळाचं मग काय केलं? सुती रुमाल रंगवले. तुरटीच्या पाण्यात भिजवून मग लाल तांदळाच्या उकळलेल्या पाण्यात. पहिल्यांदा इतका सुंदर गुलाबी आला की मी इचलकरंजीला नेऊन दाखवायच्या विचारात होते. पाऊस उघडल्यावर दोन दिवस उन्हात वाळवले आणि गुलाबीचा झाला बदामी. विषय संपला.

आता तक्रार. या बुरशीत एक भानगड आहे, सिट्रिनिन. हे किडनीला घातक. 1995 मधे फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की मोनॅस्कसमधे जंतू मारणारा म्हणून ओळखला जाणारा एक पदार्थ म्हणजे हे सिट्रिनिनच आहे. सगळ्या जाती सारखं करत नाहीत, काही कमी, काही जास्त, आणि एकाच जातीत सुद्धा हवा किती मिळाली, नायट्रोजन कुठला दिला त्यावर कमी-जास्त होतं. डोळ्याला दिसत नाही, वासाला येत नाही, जिभेला कळत नाही. युरोपात या तांदळाच्या गोळ्यांसाठी आधी किलोला 2000 मायक्रोग्रॅमची मर्यादा होती, ती त्यांनी एकदम 100 वर आणली. यावरनं समजून घ्या. शिवाय यात मोनॅकोलिन के असतं, ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची गोळी, जपानच्या अकिरा एंडो यांनी 1979 मधे मोनॅस्कसमधनंच काढलेलं. आमच्या सासऱ्यांना आधीच स्टॅटिन चालू आहे, त्यामुळे त्यांना केकचा तुकडा पण दिला नाही, बिचारे रुसले. ज्यांना असल्या गोळ्या चालू आहेत, किंवा दिवस गेलेले आहेत, त्यांनी यापासनं लांबच राहा, फार तर डॉक्टरांना विचारून.

तर मी दुकानदाराला व्हॉट्सअॅप केला की सिट्रिनिनचा रिपोर्ट द्या. पावडरचा रिपोर्ट त्यानं वरनं मागवून दोन दिवसांत पाठवला, बॅच नंबर पाकिटावरच्याशी जुळला, आकडा शंभरच्या आत होता. फुल मार्क. किटबद्दल विचारलं की या कल्चरची जात कुठली, सिट्रिनिन करते का नाही, तर उत्तर आलं, "मॅडम नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही 🙏". परत विचारलं, परत हात जोडले. अहो, धोतरा पण नॅचरल आहे. किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "घरच्या घरी खाण्याचा रंग" लिहिलंय आणि आत सिट्रिनिन हा शब्द एकदाही नाही, हिरवी बुरशी दिसली तर सगळी पिशवी टाका हे पण नाही. प्रेमाने हलवा म्हणे.

आणखी एक, माझ्यासारख्या ऑर्डरवाल्यांसाठी. एफएसएसएआयच्या, म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नैसर्गिक रंगांच्या यादीत हळद, केशर, अनाटो, कॅरोटीन, कॅरॅमल वगैरे आहेत, मोनॅस्कसचा लाल त्यात नाही. अमेरिका-युरोपात पण खाण्याचा रंग म्हणून याला मान्यता नाही, चीन-जपानात आहे. म्हणजे घरात स्वतःसाठी काय करायचं ते करा, पण रजिस्ट्रेशन घेऊन विकायच्या केकमधे घालता येत नाही. दुकानदार हे कुणालाच सांगत नाही, आणि त्याच्या गिऱ्हाइकांत निम्म्या तरी आम्ही केकवाल्याच. माझे 420 रुपये धंद्याच्या हिशोबानं पाण्यात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी टॅलारोमायसिस अॅट्रोरोझिअस नावाची दुसरी बुरशी शोधलीय, ती लाल रंग करते आणि सिट्रिनिन करत नाही, टाकीत फर्मेंटेशन करून त्याचा रंग बाजारात आणायची खटपट चालू आहे. ते आलं, आणि आपल्याकडे परवानगी मिळाली, तर मी लायनीत पहिली.

स्टार द्यायचे तर पावडरला साडेतीन. अर्धा कापला कारण पाकिटावर कलर व्हॅल्यू, म्हणजे रंग किती कडक आहे त्याचा आकडा, छापलेली नाही, दर वेळी चमच्यानं अंदाज घ्यायला लागतो, आणि एक कापला तो रिपोर्ट मागितल्याशिवाय मिळत नाही म्हणून. किटला दोन, ते पण पिशव्यांसाठी आणि पोरीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी. तिनं रोजचा एक दाणा चिकटवून चौदा दिवसांचा तक्ता केला, पांढऱ्यापासनं मरूनपर्यंत, बाईंनी वर्गात लावला. "खाण्याचा रंग" ही अक्षरं खोक्यावरनं काढली तर मी तीन देईन.

नातवाच्या बर्थडेचा केक शेवटी चॉकलेटचा झाला. ताईंना सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या एवढं कशाला करत बसलीस, त्याला चॉकलेटच आवडतं.